तीन गोळ्यांचा पत्ता मागण्याआधी

"वहिनी, तो तीन गोळ्यांचा पत्ता द्या ना, घशाचा."

रामबागेतल्या आमच्या मेडिकलवर हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा तरी कानावर पडतं. इंदूरकडे गोळ्यांच्या स्ट्रिपला सगळे पत्ताच म्हणतात. मागणाऱ्याला औषधाचं, म्हणजे अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं, नाव आठवत नसतं, पण मागच्या दिवाळीत घेतला होता आणि 'तिसऱ्या दिवशी एकदम चोख' झालं होतं, हे पक्कं आठवतं. मी चिठ्ठी मागितली की चेहरा पडतो. "अहो, घसाच तर आहे. त्याला काय डॉक्टर?"

आता हा तिसरा दिवस नीट पाहा. सर्दी-घशाचा साधा आजार तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरणीला लागतोच, कोणी काही करो न करो. माणूस पहिल्या दिवशी काढा पितो, दुसऱ्या दिवशी कंटाळतो आणि माझ्याकडे येऊन गोळी सुरू करतो. चौथ्या दिवशी बरं वाटतं, श्रेय गोळीला जातं. पुढच्या वेळी तो काढ्याचा दिवसही वाया घालवत नाही, थेट पत्ता मागतो. वीस वर्षं काउंटरमागे उभं राहून माझं मत झालंय की अँटिबायोटिकच्या गैरवापराचं निम्मं मूळ या हिशेबाच्या चुकीत आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल आमच्या धंद्यानेही कान धरायला हवेत, ते पुढे येईलच.

आधी, गोळी पोटात जाऊन करते काय

अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक. ताप उतरवणं, दुखणं थांबवणं, अंगात ताकद आणणं यातलं काहीही त्याचं काम नाही. ते फक्त बॅक्टेरिया मारतं किंवा त्यांची वाढ रोखतं. उरलेली लढाई आपलं शरीरच लढतं, आणि ताप त्यानंतर उतरतो.

बॅक्टेरिया हा एका पेशीचा जीव. त्याच्याभोवती एक कडक भिंत असते आणि आत दाब असतो, फुगवलेल्या फुग्यासारखा. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम या कुळातली औषधं भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हात बांधून टाकतात. जंतू वाढत राहतो, भिंत मात्र जोडली जात नाही, आणि आतल्या दाबाने तो फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून हे औषध आपल्याला सहसा बाधत नाही. अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जंतूच्या आतला प्रथिनं बनवणारा कारखाना बंद पाडतात. तो कारखाना आपल्याकडेही आहे, पण त्याची घडण वेगळी. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन ही 'फ्लॉक्सासिन' भावंडं जंतूला आपल्या डीएनएची नक्कल काढू देत नाहीत.

आता सर्दीचा व्हायरस घ्या. त्याला ना भिंत, ना स्वतःचा कारखाना. तो आपल्याच पेशीत घुसून आपलंच यंत्र वापरतो. मग गोळी मारणार कोणाला? सर्दी, फ्लू, डेंग्यू, कांजिण्या, कावीळ ए आणि ई, बहुतेक खोकले आणि बहुतेक घसे या सगळ्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. कमी चालतं असं नव्हे, अजिबात चालत नाही. 'हाय पावर'चं दिलं म्हणूनही नाही.

गोष्ट फार जुनी नाही. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळलेले दिसले. आपल्याकडे सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीला उभी राहिली. त्याआधीच्या पिढ्यांमध्ये साध्या जखमेतून, बाळंतपणातून, न्यूमोनियातून माणसं जायची. आमच्या आजेसासूबाईंची दोन मुलं अशीच गेली. म्हणून या औषधांना मी वाईट म्हणणार नाही. ती इतकी चांगली आहेत म्हणूनच ती जपायची.

पहिली पायरी: घरी, पत्ता मागायच्या आधी

स्वतःला विचारा, किती दिवस झाले? सर्दी पूर्ण जायला आठवडा-दहा दिवस लागतात, मागे राहिलेला खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. कफ हिरवा-पिवळा झाला म्हणजे 'इन्फेक्शन वाढलं' असं नसतं. तो रंग लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा आहे, व्हायरल सर्दीतही येतो. हे सांगितलं की आमच्या गल्लीतले काका दर वेळी माझ्याकडे संशयाने पाहतात.

घसा दुखतोय, पण सोबत नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर तो बहुधा व्हायरल. उलट खोकला-सर्दी काही नाही, चांगला ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, जबड्याखालच्या गाठी दुखताहेत, तर डॉक्टरला घसा दाखवा, विशेषतः मूल शाळेच्या वयाचं असेल तर. हा स्ट्रेप्टोकोकस असू शकतो. आपल्या देशात त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्याने पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेली माणसं कमी नाहीत. इथे अँटिबायोटिक हवंच, आणि पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं तर ते सहसा दहा दिवसांचं असतं. म्हणजे 'घसाच तर आहे' हे वाक्य दोन्ही बाजूंनी चूक.

जुलाब हा पावसाळ्यातला दुसरा मोठा गिऱ्हाईक. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गरमागरम भुट्ट्याचा कीस आणि वर काहीतरी गार झालं, सकाळी पोट सुटलं, की लोक दोन औषधं एकत्र असलेली ती पिवळी गोळी मागतात. बहुतेक जुलाबांना तिची गरज नसते. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण पुडी, पूर्ण लिटर. अर्धी पुडी ग्लासात नाही. मुलांना त्यासोबत डॉक्टर झिंक देतात. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, मूल सुस्त पडणं यातलं काही दिसलं तर घरी थांबू नका.

आणि काही वेळा मोजत बसायचंच नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, श्वास जोरात चालणं, मान आखडणं, शुद्ध हरपल्यासारखं बोलणं, अंगावर जांभळे डाग. अशा वेळी मेडिकलवर येऊ नका, थेट दवाखाना गाठा. रात्र असेल तर एमवाय या आमच्या सरकारी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी उघडी असते.

दुसरी पायरी: डॉक्टरांसमोर

इथे आपण गप्प बसतो, नाहीतर 'जरा स्ट्राँग लिहा, उद्या लग्न आहे' म्हणतो. डॉक्टरही माणूस आहे. समोरच्याला काहीतरी ठोस दिल्याशिवाय तो परत येणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. त्यापेक्षा एवढंच विचारा: "डॉक्टरसाहेब, हे बॅक्टेरियाचं वाटतंय का? दोन दिवस थांबून पाहिलं तर चालेल?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. थोड्या मोठ्या मुलाचा कान दुखत असेल तर पुष्कळदा दोन-तीन दिवस नुसतं दुखणं कमी करणारं औषध देऊन वाट पाहतात.

तुमच्याकडून सांगायचं ते असं: आधी कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या का, गर्भ किंवा अंगावर पाजणं, मूत्रपिंडाचा किंवा लिव्हरचा त्रास, रक्त पातळ करण्याची गोळी, साखरेची गोळी, हृदयाच्या ठोक्यांचा आजार. आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक घेतलंत. शेवटचं लोक लपवतात, कारण ते स्वतःच्या मनाने घेतलेलं असतं. लपवू नका, तेच पुन्हा लिहिलं जाण्यापेक्षा दोन बोलणी ऐकलेली बरी.

टायफॉइडचा संशय असेल तर रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं) पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आधी झालेलं चांगलं. एक गोळी गेली तरी जंतू नळीत उगवायला कुरकुर करतात. विडाल नावाची स्वस्त तपासणी आपल्याकडे फार चालते, पण ती जुन्या तापामुळे किंवा लशीमुळेही पॉझिटिव्ह येते. नुसत्या एका विडालवर चौदा दिवसांची इंजेक्शनं घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

लघवीच्या कल्चरचं तसंच. आधी जागा स्वच्छ धुवायची, पहिली धार सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्यायची, आणि ती तासाभरात पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. दुपारच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तीन तास ठेवलेल्या डबीतून जो रिपोर्ट येतो तो तुमचा नसतो, डिकीतल्या उन्हाचा असतो. रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो. त्यात औषधांची लांब यादी आणि पुढे एस, आय किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला वश आहे, आर म्हणजे दाद देत नाही, आय म्हणजे जास्त डोसमध्ये कदाचित. ही यादी घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि "सगळ्यात जास्त एस कोणतं?" विचारतात. तसं नसतं. यादीतलं जे साधं, जुनं, नेमक्या जागी पोचणारं असेल तेच डॉक्टर निवडतो. महागडं इंजेक्शन यादीत एस आहे म्हणून ते घ्यायचं नसतं, ते उद्यासाठी राखायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून यासाठी तीन गटच पाडलेत: आधी वापरायची, जपून वापरायची आणि राखीव. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात. आमच्या काउंटरवरची लाडकी अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दोन्ही 'जपून' गटात, हे बहुतेकांना माहीत नसतं.

काही दवाखान्यांत अजूनही कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या बांधून देतात, सकाळ-संध्याकाळ. नाव विचारा. नाव नसलेली गोळी अंगावर उठली तर पुढचा डॉक्टर काय टाळणार?

तिसरी पायरी: काउंटरवर

पत्ता हातात घेतलात की मागची बाजू पाहा. डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. २०१६ पासून सरकारने या लाल रेघेचा प्रचारही केला. त्याहून कडक यादी म्हणजे शेड्यूल एच-वन. ती १ मार्च २०१४ पासून लागू झाली. त्या औषधांवर लाल चौकटीत इशारा असतो, आणि विकताना आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. आमचं रजिस्टर लांब, हिरव्या कापडी पाठीचं आहे. गर्दीच्या वेळी ते उघडलं की रांगेतले लोक कपाळाला आठ्या घालतात. पण जे दुकान ते उघडतच नाही, ते दुकान तुमच्यावर मेहेरबानी करत नाहीये. हा कान धरण्याचा भाग. सुरुवातीच्या वर्षांत मीही ओळखीच्यांना चिठ्ठीशिवाय दिलं आहे. "आपल्याच घरचे तर आहेत" म्हणून.

अर्धा पत्ता कापून घेत असाल तर एक्स्पायरी आणि नाव असलेला तुकडा तुमच्याकडे येईल असा कापायला सांगा. आणि ब्रँड नाही, खालचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा. दोन डॉक्टरांनी दोन ब्रँड लिहिले आणि आत एकच औषध निघालं, असं महिन्यातून एकदा तरी घडतं. स्वस्त हवं असेल तर जनऔषधी केंद्रात तेच मूळ नाव विचारा.

चौथी पायरी: घेताना

दिवसातून तीनदा याचा अर्थ साधारण आठ-आठ तासांनी. चहा, जेवण, जेवण असा नव्हे. रक्तात औषध ठरावीक पातळीवर राहिलं तरच जंतू दबतो. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा अशी गणितं जमवा, मोबाइलला गजर लावा. एक डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्याची वेळ अगदी आली असेल तर चुकलेला सोडा. दोन एकदम कधीच घेऊ नका.

'सहाशे पंचवीस' नावाने मागतात ती गोळी म्हणजे पाचशे अमॉक्सिसिलिन आणि सव्वाशे क्लॅव्हुलॅनिक आम्ल. हे दुसरं औषध जंतूचं, अमॉक्सिसिलिन तोडणारं हत्यार निकामी करतं. ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतली की पोट कमी बिघडतं. अझिथ्रोमायसिन रोज एक आणि तीनच दिवस, याचं लोकांना नवल वाटतं. ते शरीराच्या पेशींत इतकं साठून राहतं की गोळ्या संपल्यावरही काही दिवस काम चालू असतं. म्हणूनच 'तीन संपल्या, अजून तीन द्या' म्हणण्यात अर्थ नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन यांचं दुधाशी वैर. दूध, दही, कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीचं पांढरं सिरप यांतली कॅल्शियम-लोहासारखी द्रव्यं औषधाला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात जातच नाही. किमान दोन तासांचं अंतर ठेवा. एका पोराने डॉक्सिसायक्लिनची पूर्ण पट्टी रोज दुपारी इंदुरी शिकंजीबरोबर घेतली होती, "उष्ण पडू नये म्हणून". बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे. घट्ट दूध, दही, सुकामेवा. गोळ्या गेल्या, मुरुमं जागच्या जागी.

डॉक्सिसायक्लिन झोपता झोपता, घोटभर पाण्याने घेऊ नका. सासूबाईंनी तसं केलं होतं. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली, पुढचे चार दिवस त्यांना पाणी गिळतानाही छातीत कोलती ठेवल्यासारखं होत होतं. पूर्ण पेला पाणी आणि नंतर अर्धा तास तरी ताठ बसणं. या औषधावर ऊनही जास्त लागतं.

मेट्रोनिडॅझोल घेताना आणि त्यानंतर दोन-तीन दिवस दारू नको. तोंडाला धातूसारखी चव येते, ती जाते.

सिरप बनवताना

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळा समजावते. बाटलीत कोरडी पूड असते. आधी बाटली तळहातावर आपटून पूड सुटी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी, किंवा सोबत आलेली पाण्याची कुपी. पाणी बाणाच्या खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा आणि परत हलवा. एकदम खुणेपर्यंत भरलं की तळाशी गठ्ठा राहतो. पहिले चार दिवस मूल पाणी पितं आणि शेवटच्या दिवशी सगळं औषध. प्रत्येक वेळी हलवायचं ते यासाठीच. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकचं सिरप फ्रिजमध्ये ठेवायचं आणि बनवल्यापासून सात दिवसांनी फेकायचं. बाकींचं लेबलवर पाहा, सगळ्यांचं सारखं नसतं. बनवल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा.

बाटलीवरचा आकडाही जुळवा. एकाच नावाच्या सिरपवर २२८.५ असतं आणि ४५७ असतं. दिसायला बाटल्या जुळ्या, औषध दुप्पट. डॉक्टरने 'पाच एमएल' कुठल्या बाटलीचं लिहिलंय ते विचारल्याशिवाय दुकानातून हलू नका. मोजायला सोबतची टोपी किंवा सिरिंज, स्वयंपाकघरातला चमचा नको. आणि मोठ्या मुलाचं उरलेलं सिरप धाकट्याला नाही. हे मी केलं आहे, शिकलेली असून. धाकटा तेव्हा दीड वर्षाचा, रविवार, बाहेर मुसळधार पाऊस. दोन डोस दिल्यावर अंगभर पुरळ. सुदैवाने तेवढ्यावर निभावलं, पण डॉक्टरांनी विचारलं "बाटली कधी उघडलीत?" तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं.

पाचवी पायरी: तिसरा दिवस

परत तिसरा दिवस. आता खरंच बॅक्टेरियाचा आजार आहे, औषध योग्य आहे. साधारण दोन-तीन दिवसांत फरक दिसायला हवा. टायफॉइडला मात्र धीर धरा, बरोबर औषधावरही ताप उतरायला तीन ते पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलू नका. बाकी आजारांत तीन दिवसांनी काहीच फरक नाही किंवा वाढतंय, तर त्याच डॉक्टरकडे परत. स्वतः 'पुढचा नंबर' चढवायचा नाही.

आणि बरं वाटलं तर? 'कोर्स पूर्ण करा' हे आपण लहानपणापासून ऐकलं. गेल्या काही वर्षांत अनेक आजारांत छोटे कोर्सही तेवढेच चालतात असं दिसून आलं आहे. जास्त दिवस घेतलं की पोटातल्या चांगल्या जंतूंवर तेवढा जास्त मारा. पण किती छोटा, हे तुम्ही आणि मी ठरवायचं नाही. बरं वाटतंय म्हणून थांबायचं असेल तर डॉक्टरला फोन करा. टीबी याला पूर्ण अपवाद. तिथे सहा महिने म्हणजे सहा महिने. पहिल्या महिन्यातच वजन वाढतं, भूक लागते, आणि नेमका तिथेच माणूस सोडतो. औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

टीबीवरून आणखी एक. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर मनाने लिवोफ्लॉक्सासिन घेऊ नका. ते टीबीच्या जंतूलाही थोडं दाबतं, बरं वाटल्यासारखं होतं, आणि निदान लांबतं. आधी थुंकी तपासा.

अंगावर उठलं तर

पोट थोडं ढिलं होणं, मळमळ, बायकांना खाज आणि पांढरं जाणं हे नेहमीचं. पोटातले, अंगातले चांगले जंतूही मरतात, त्यांच्या जागी बुरशी पसरते. पण दिवसाला तीन-चार पातळ जुलाब, पोटात कळा, ताप असं सुरू झालं, मग ते औषध संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी का असेना, डॉक्टरला सांगा. मोठ्या आतड्यात एक हट्टी जंतू माजल्याचं ते लक्षण असू शकतं. जुलाब थांबवणारी गोळी तिथे घात करते.

गोळी घेतल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात ओठ-जीभ सुजणं, श्वास कोंडणं, चक्कर, अंगभर गांधी: गाडी काढा, वाट पाहू नका. काही दिवसांनी तोंडात, डोळ्यांत फोड आणि कातडी सोलवटणं: औषध बंद, त्याच दिवशी हॉस्पिटल. एकदा असं झालं की औषधाचं नाव, तारीख, काय झालं ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. नुसतं 'मला पेनिसिलिन चालत नाही' असं तीस वर्षं सांगणारे पुष्कळ असतात, आणि खोलात गेलं की लहानपणी उलटी झाली होती एवढंच निघतं. त्यापायी त्यांना सगळ्यात साधं औषध मिळत नाही.

फ्लॉक्सासिन कुळाने टाचेमागची धोंडशीर (जाड कंडरा) दुखू लागते, क्वचित तुटतेही. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ मध्येच काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. ही औषधं मधुमेह्यांची साखरही वर-खाली करतात. अझिथ्रोमायसिन हृदयाच्या ठोक्यांच्या रुग्णाला विचारल्याशिवाय नाही. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात आणि लहान मुलांना सहसा नाही, दात कायमचे पिवळट होतात. जेंटामायसिनच्या इंजेक्शनाने कान आणि मूत्रपिंड सांभाळावे लागतात.

"मला आता ती लागू पडत नाही"

हे वाक्य अर्धं खरं आहे. सवय तुमच्या शरीराला लागत नाही, जंतूला लागते. आतड्यातला ई-कोलाय चांगलं खाणं मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. कोट्यवधींत एखाद्याची घडण चुकून अशी होते की औषध त्याला धरत नाही. गोळी घेतली की बाकीचे मरतात आणि त्याला मैदान मोकळं मिळतं. शिवाय जंतू ही युक्ती गोल गोल डीएनएच्या तुकड्यावर लिहून दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतात. म्हणजे सर्दीसाठी घेतलेल्या गोळीने सर्दीचा व्हायरस तर मरत नाहीच, पण पोटातला ई-कोलाय शहाणा होतो. तोच पुढच्या वर्षी लघवीच्या मार्गात शिरतो, आणि घरातल्या दुसऱ्याच्याही.

फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल घेताना हीच भीती बोलून दाखवली होती: दुकानात सहज मिळालं की माणूस कमी डोस घेईल आणि जंतूंना पक्कं करील. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. मध्य प्रदेशाने त्याच वर्षी, केरळनंतर, राज्याचा स्वतःचा कृती आराखडा आणला. कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन घालायलाही देशात २०१९ मध्येच बंदी आली. हे औषध माणसांसाठी अगदी शेवटचं म्हणून राखलेलं आहे.

उरलेल्या गोळ्यांचं काय

ठेवू नका, शेजारी देऊ नका, संडासात टाकू नका. इंदुरात हे सोपं आहे. सकाळी गाणं वाजवत कचरागाडी येते, तिच्यात घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, मुदत संपलेली औषधं त्यात. कागदात गुंडाळा, कर्मचाऱ्याला सांगून द्या.

मागच्या दसऱ्याला साफसफाई करताना सासूबाईंचा जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. अकरा अर्धवट पत्ते निघाले. चार अझिथ्रोमायसिनचे, प्रत्येकात एकेक गोळी उरलेली. दोन 'सहाशे पंचवीस'चे, रबर लावून जपलेले. उरलेल्या पाचांचं नाव कळलंच नाही. छापील टोक आमच्याच दुकानात कापून राहिलं होतं.